सातव्या खाटेचे वचन

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा पुस्तकबांधणी, विधवा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, माझ्याच टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कानांनी जरा कमी ऐकू येते, पण डोळे चांगले आहेत. मला कोणी भरीस घातलेले नाही, धमकावलेले नाही, की गोड बोलून गुंडाळलेले नाही. येत्या गुरुवारी माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. पण हे सांगताना ते माझ्याकडे न बघता माझ्या लेकीकडे बघत होते, म्हणून हा कागद मी आजच पुरा करीत आहे. माझा आत्मा ज्याने दिला त्याच्या हाती सोपवते. बाकीची व्यवस्था पुढीलप्रमाणे.

१. सहा वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने पूर्णपणे रद्द समजावे. त्यातले चौथे कलम असे होते की, माझ्या धाकट्या बहिणीने माझ्या शवपेटीजवळ उभे राहू नये, मला माती देऊ नये, आणि माझ्याविषयी चर्चच्या मंडळीत उभे राहून एक शब्दही बोलू नये. वकीलसाहेबांनी तेव्हा चष्मा काढून विचारले होते, "बाई, हे कायद्यात कसं बसवू?" मी म्हटले, "ते तुमचं तुम्ही बघा. तेवढ्यासाठीच तर आलेय." धाकटीला या कलमाचा आजवर पत्ता नाही. हा कागद वाचला जाईल तेव्हा कळेल. कळू दे. मी जशी होते तशी तिला कळलेली बरी.

२. माझे राहते दुमजली घर, म्हणजे खाली बांधणीची खोली व मागची खोली, वर दोन खोल्या, जिना व गच्ची, हे सर्व माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावे. लेकीने वरच्या पुढच्या खोलीच्या खिडकीची बिजागरी बदलून घ्यावी. ती झिजली आहे, कारण ही खिडकी मी पंचवीस वर्षे धड बंदही केली नाही आणि धड उघडलीही नाही. रस्त्यापलीकडे बरोबर समोर धाकटीचे भाड्याचे घर आहे. फटीतून दिसायचे तेवढे मला पुरे होते. तिच्या दाराशी पुरुषाच्या चपलांचा एक जोड असायचा. सकाळी तो जायचा, संध्याकाळी परत यायचा. दोरीवर शर्ट वाळत असायचे. आत कोणी खोकले की कोणीतरी "पाणी देऊ का?" म्हणायचे. एवढ्याशाच गोष्टी. पण त्या बघून मला जे वाटायचे, त्याला मी प्रार्थनेतसुद्धा कधी हेवा म्हटले नाही. मी त्याला थकवा म्हणायचे.

३. बँकेत जे काही निघेल त्यातून आधी दवाखान्याचे व दफनाचे भागवावे. उरलेले लेकीचे.

४. बांधणीची अवजारे, म्हणजे दाबयंत्र, कापणीचे यंत्र, शिवणीच्या चौकटी, आऱ्या, घडी दाबायच्या हाडाच्या पट्ट्या व कापडाचे सर्व ठाण, माझ्याकडे सतरा वर्षे पाने शिवणाऱ्या बाईला द्यावेत. तिला आम्ही टाकेवाली म्हणतो. तिचा टाका माझ्या टाक्याहून सरळ आहे, हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही. सांगितले असते तर तिने दुसरीकडे काम धरले असते, अशी भीती. दाबयंत्राचा स्क्रू उलटा फिरतो हे तिला माहीत आहे, पण जो कोणी पहिल्यांदा हात लावील त्याला तिने ते आधी सांगावे, बोट चेंगरल्यावर नव्हे.

५. आता धाकटीविषयी. वकीलसाहेब म्हणतात, कारणे लिहायची गरज नाही. मला आहे.

धाकटी माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, म्हणून तिची वेणी मी घातली, तिला अक्षरे मी गिरवायला लावली, आणि तिच्यासाठी स्थळही मीच आणले. माझे यजमान काचेच्या कारखान्यात काच फुगवायचे. त्यांच्याच भट्टीवर एक शांत, कामसू माणूस होता. तो माझा मेहुणा झाला. दोघे साडू एकाच पाळीत, एकाच भट्टीशी उभे असायचे.

सव्वीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर भट्टीची गॅसची नळी फुटली. दोघेही भाजले. यजमान जास्त, मेहुणे थोडे कमी. पण डॉक्टरांनी आम्हा दोघी बहिणींना एकच वाक्य सांगितले, "आत्ताच काही सांगता येत नाही." यजमानांना खाट नंबर सात, मेहुण्यांना आठ. मध्ये हिरवा पडदा.

दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चचे त्या वेळचे पाळकसाहेब आले. देवाने आपल्या लोकांना आगीतही सोबत असण्याचे वचन दिले आहे, तो शास्त्रातला भाग त्यांनी वाचला. आधी सातव्या खाटेशी, मग पडदा सरकवून आठव्या खाटेशी. तेच शब्द, तोच आवाज. त्यात पुढे असेही येते की ज्वाला जाळणार नाही. तिथे त्यांचा आवाज अडखळला, कारण समोर काय आहे ते त्यांना दिसत होते. मी म्हटले, "थांबू नका, पाळकसाहेब. जाळणार नाही म्हटलंय ना? जाळलंय तर खरं. मग आता निदान बरं तरी करू दे."

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही दोघींनी हात धरून ठरवले की हे वचन सोडायचे नाही. धाकटी म्हणाली, "ताई, आपण दोघींनी एकदम धरलं की तो नाही म्हणूच शकणार नाही." एकोणीस दिवस आम्ही एका डब्यातून जेवलो आणि एकाच बाकावर आळीपाळीने पाठ टेकली. एकीला रडू आले की दुसरी वचन म्हणायची. त्या एकोणीस दिवसांत मी धाकटीच्या जेवढी जवळ होते तेवढी आयुष्यात कोणाच्याच नव्हते. यजमानांच्यासुद्धा.

विसाव्या दिवशी दुपारी सव्वातीनला खाट सात रिकामी झाली. खाट आठवरचा ताप त्याच दिवशी उतरला.

मेहुणे घरी आल्यावर सहाव्या रविवारी धाकटी उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केले ते सर्वांसमोर सांगायला, उभी राहिली. शेजारी मेहुणे, दोन्ही हातांना पट्ट्या. ती म्हणाली, "मी वचन घट्ट धरून ठेवलं, आणि देवानं ते पाळलं." सगळी मंडळी आमेन म्हणाली. मीही म्हटले. पण तो "घट्ट" शब्द मी तिथून घरी घेऊन आले आणि तो काही केल्या खाली ठेवता येईना. म्हणजे माझी पकड सैल होती? तिने धरले म्हणून तिचा वाचला, आणि मी सोडले म्हणून माझा गेला? एका बाकावर, हातात हात असताना, मी नेमके कुठल्या घटकेला सोडले, ते मला कोणीतरी दाखवून द्यावे, असे मला वाटत राहिले.

त्या आठवड्यात ती दारात आली. "ताई, तू येत का नाहीस घरी?"

"कामं आहेत."

"माझं काही चुकलं का?"

"तुझं कसं चुकेल? कामं आहेत."

ही कामे पंचवीस वर्षे संपली नाहीत.

मी चर्च सोडले नाही. रुसलेली बाई घरातले सगळे करते, फक्त बोलत नाही, तशी मी देवाशी वागले. मागच्या बाकावर, खांबाआड बसायचे. लेकीच्या परीक्षेसाठी मागितले, गळक्या छपरासाठी मागितले, डोळ्यांसाठी मागितले. स्वतःच्या सुखासाठी काही मागितले नाही. एकदा मागून पाहिले होते. लेक पास होत गेली, छप्पर गळायचे थांबले, डोळे अजून सुईत दोरा ओवतात. बांधणीचे काम एक महिनाही बंद पडले नाही. मी त्यातल्या कशालाही उत्तर म्हटले नाही. मी त्यांना रोजची कामे म्हणायचे.

लेकीला मात्र मी रस्त्यापलीकडे जाण्यापासून अडवले नाही. नऊ वर्षांच्या पोरीला मावशी तोडून काय सांगणार? तिला सायकल मेहुण्यांनी शिकवली. मी खिडकीच्या फटीतून पाहिले. सीट मागून धरणारा हात भाजून आखडलेला होता, पण होता. लेक धापा टाकत वर आली, "आई, मी एकटीनं चालवली! काकांनी हात सोडला होता, मला कळलंपण नाही!" मी म्हटले, "हातपाय धू." त्या दिवशी मी तीन वह्यांची शिवण उलटी केली, आणि टाकेवालीच्या आधी माझ्याकडे जी बाई होती तिला विनाकारण बोलले.

६. गायनसंघाच्या प्रमुखांनी ज्या वर्षी माझी एकटीने गायची ओळ काढून धाकटीला दिली, त्या गोष्टीबद्दल मी त्यांना क्षमा करते. ते वारले आहेत, तरी लिहून ठेवते. आवाज तिचाच बरा आहे. हे एवढे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला.

७. गेल्या वर्षी मेहुण्यांच्या फुप्फुसांनी हात टेकले. बातमी टाकेवालीने आणली. ऐकल्याबरोबर माझ्या मनात पहिला विचार आला, "आता कळेल तिला." हे मी देवासमोर आणि हा कागद वाचणाऱ्या सर्वांसमोर कबूल करते.

चौथ्या दिवशी दुपारी धाकटी रस्ता ओलांडून आली आणि दारातच उभी राहिली. तिचे केस पांढरे झाले आहेत हे मी रोज बघत होते, पण जवळून पाहिले नव्हते.

"ताई, ते तुला बोलावतायत. माझ्यासाठी नको येऊस. त्यांच्यासाठी ये."

मी हाताची खळ पुसली आणि गेले.

खिडकीच्या फटीतून जे दिसत नव्हते ते आत गेल्यावर दिसले. मेहुणे खुर्चीत बसून होते. धाकटी म्हणाली, आडवे झाले की त्यांचा श्वास कोंडतो; पंचवीस वर्षांत ते पलंगावर झोपलेले नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराला जाड कापड लावलेले होते. शेगडीची ज्योत त्यांच्या नजरेस पडू नये म्हणून. ती त्या कापडाआड पंचवीस वर्षे रांधत होती. मला ज्या घराचा हेवा वाटत होता ते घर हे होते. आणि खरे सांगायचे तर हे सगळे बघूनही माझा हेवा पुरता गेला नाही. खुर्चीत का होईना, माणूस होता.

"बसा, ताई," मेहुणे म्हणाले. "एक सांगायचं राहिलंय. हिलाही सांगितलेलं नाही."

"आता बोलून दम कशाला घालवता?"

"नाहीतर काय करू त्या दमाचं?"

धाकटी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली. मेहुणे थांबत थांबत बोलले. मी त्यांचे शब्द जसे आठवतात तसे लिहिते.

"सोळावा दिवस होता. दुपारी पट्ट्या बदलून नर्सबाई गेल्या. पडद्यापलीकडून त्याचा आवाज आला, साडू, जागा आहेस? म्हटलं, आहे. म्हणाला, तुझ्याकडे येतो का रे? म्हटलं, कोण, डॉक्टर? तर हसला. हसलं की त्याला दुखायचं, तरी हसला. म्हणाला, डॉक्टर नाही रे. तो. येतो आणि इथं पायाशी बसतो. बोलत काही नाही. सोबत असेन म्हणाला होता ना, तसा आहे."

मी म्हटले, "तापात बोलले असतील."

"ताप मला होता, ताई. त्याला त्या दिवशी नव्हता." ते बराच वेळ श्वास घेत राहिले. "मी पडदा सरकवून बघितलं. मला कोणी दिसलं नाही. मग मीही हाक मारली. माझ्याकडे कोणी आलं नाही. मी बरा झालो, घरी आलो, लोक म्हणाले वचन पुरं झालं, मी मान हलवली. पण मला रोज वाटत आलंय की ते पडद्याच्या त्या बाजूला पुरं झालं. मी तुमच्या नवऱ्यावर जळत आलोय, ताई. त्या भट्टीत जळलो नाही तेवढा."

माझ्या तोंडून एकच प्रश्न निघाला. "मला का नाही सांगितलं त्यांनी? मी तर तिथंच होते."

"मीही तेच विचारलं त्याला. म्हणाला, ती येते तीच बरं होणार, बरं होणार म्हणत येते. हे सांगितलं तर तिला वाटेल, मी निघालो. अजून थोडे दिवस राहू दे तिला तसंच."

वाचणाऱ्याला वाटेल, हे ऐकून मला शांती मिळाली असेल. मला राग आला. चार दिवस माझा नवरा ज्याच्यासोबत होता, त्यालाच मी त्या खाटेशी बसून हाका मारत होते, आणि दोघांपैकी एकानेही मला सांगितले नाही. माझा सगळा जीव ज्या दोघांवर, ते दोघे एकमेकांपाशी, आणि मी मध्ये बसून नुसत्या विनवण्या करतेय. धाकटीचा हेवा मी पंचवीस वर्षे केला होता. तो त्या दुपारी उठला आणि माझ्याच नवऱ्यावर जाऊन बसला.

मला खात्री करून घ्यायची होती. त्या वेळच्या नर्सबाई आता निवृत्त होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहतात. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. त्या म्हणाल्या, "ताप होता की नव्हता ते आता नाही सांगता यायचं, बाई. पण तुमचे यजमान पक्के लक्षात आहेत. पायाशी खुर्ची ठेवा म्हणायचे. मी आणून ठेवायचे. आम्हाला वाटायचं, तुमच्यासाठी सांगतायत."

मी उशाशी स्टुलावर बसायचे. नेहमी. पण ती खुर्ची मला आठवली. तिच्यावर मी डबा ठेवायचे. एकदा हे म्हणाले होते, "डबा उचल तिथून." मी म्हटले होते, "का? कोणाला बसायचंय?" मी डबा उचलला नव्हता.

त्यानंतर तीन आठवडे मी कोणाशी नीट बोलले नाही. काम केले. मंडळीच्या नोंदींचा एक मोठा जुना ग्रंथ आला होता, त्याची सगळी पाने सुटी करून पुन्हा शिवली. पान शिवायचे आणि मनात म्हणायचे, मला सांगायला काय झाले होते? दोघांनाही विचारायचे. नवऱ्याला आणि देवाला. पंचवीस वर्षांनी मी देवाशी पहिल्यांदा भांडले, आणि भांडता भांडता माझ्या लक्षात आले की मी पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा त्याच्याशी बोलते आहे.

मेहुणे महिनाअखेर गेले. दफनानंतर लोक पांगले, आणि धाकटी आणि मी त्या कापड लावलेल्या स्वयंपाकघरात बसलो. ती एकदम म्हणाली, "ताई, त्या रविवारी मी जे बोलले त्यावरून तू दूर गेलीस ना?"

"काय बोललीस?" मी विचारले, जसे काही मला आठवतच नव्हते.

"घट्ट धरलं म्हणाले. मी भीत होते ग. वाटलं, सगळ्यांसमोर उभं राहून देवाचं नाव घेतलं नाही तर परत नेईल त्यांना. मी कसलं धरलंय? मी तर अठराव्या दिवशीच सोडलं होतं. तू झोपली होतीस बाकावर. मी जाऊन पाळकसाहेबांना विचारून आले, दफनाला जागा कुठं मिळेल म्हणून. परत येऊन मग पुन्हा तुझ्या हातात हात दिला. तुला कळू नये म्हणून."

मी विसाव्या दिवशी सव्वातीनपर्यंत धरले होते. म्हणजे दोघींत घट्ट धरणारी मीच निघाले. तिला जवळ घेऊन मी रडले, पण आतून मला जिंकल्यासारखे वाटत होते, आणि तो सबंध दुसरा दिवस माझा फार छान गेला. तिसऱ्या दिवशी दाबयंत्राशी उभी असताना मला ते नीट दिसले. मी धरले, आणि माझा माणूस गेला. तिने सोडले, आणि तिचा राहिला. आमच्या पकडीचा त्याच्याशी काहीच संबंध नव्हता. जो आला तो स्वतः शब्द दिला होता म्हणून आला. माझ्या नवऱ्याने त्याला बोलावलेसुद्धा नसेल. आणि बरे करीन असे त्या वचनात कुठेच नव्हते. ते आम्ही दोघींनी बाकावर बसून त्यात घातले होते. सोबत असेन, हे मात्र होते, आणि तेवढ्याकडे आमच्यापैकी कोणी बघितले नाही. तिथे मी डबा ठेवला होता.

८. म्हणून माझ्या धाकट्या बहिणीला या घराची खालची मागची खोली तिच्या हयातीपर्यंत राहण्यास द्यावी. तिचा घरमालक घर विकतो आहे, आणि तिला जायला दुसरी जागा नाही. लेकीची याला संमती आहे. खरे तर हे तिनेच आधी सुचवले आणि मी रागावले होते. अटी अशा: धाकटीने दाबयंत्राची जागा बदलू नये. टाकेवाली काम करत असताना गुणगुणू नये, टाके चुकतात. मागच्या खोलीत शेगडी ठेवताना तिच्यापुढे कापड लावायची आता गरज नाही, हे तिला कोणीतरी हळूच सांगावे. तिच्या लक्षात येणार नाही.

मला माहीत आहे, मी गेले की लेक मावशीच्याच गळ्यात पडून रडेल. धाकटी तिचे डोके थोपटेल, आणि ते तिला माझ्यापेक्षा चांगले जमेल. याचा मला आत्ताच हेवा वाटतो आहे. तरी तसे होऊ द्यावे. लेकीने रडताना संकोच करू नये.

९. परवा वकीलसाहेबांनी सांगितले की, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये.

"म्हणजे ज्याला मिळालं त्याची साक्ष चालत नाही?" मी विचारले.

"असं धरून चाला," ते म्हणाले.

मला इतके हसू आले की त्यांनी कारकुनाला पाणी आणायला पाठवले. त्यांना काय सांगणार? मंडळीत आजवर जेवढ्या साक्षी ऐकल्या त्या सगळ्या मिळालेल्यांच्या. ज्यांना मिळाले नाही ते खांबाआड बसलेले असतात. तर कायद्याला चालते अशी एक साक्ष मी इथे देते. मंडळीत मी ती कधी दिली नाही, आणि गुरुवारनंतर देता येईल की नाही ते माहीत नाही.

मी स्वतःच्या सुखासाठी एकच गोष्ट मागितली आणि ती मला मिळाली नाही. माझ्या यजमानांना जे दिसले ते मला दिसलेले नाही. माझ्याकडे अजून कोणी आलेले नाही. या महिन्यात डॉक्टरांकडून आले की मी प्रार्थना करते, आणि खोलीत मी एकटीच असते, घड्याळाचा आवाज असतो. मला भीती वाटते. तरी मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवते, आणि हा विश्वास मला माझ्या चांगुलपणातून सापडला नाही, हेव्यातून सापडला. जे नाहीच त्याचा हेवा कोणी करत नाही. पंचवीस वर्षे मी जळत राहिले, म्हणजे पंचवीस वर्षे मला पक्के ठाऊक होते की देणारा आहे, आणि तो माझ्या दाराशी न थांबता पुढे गेला आहे. माझी तक्रार त्याच्या नसण्याची कधीच नव्हती. तो आपल्या लोकांविषयी स्वतःला ईर्ष्यावान म्हणवतो, असे शास्त्र सांगते. तेव्हा हे दुखणे त्यालाही माहीत असावे, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या अबोल्याचे त्याने वाईट वाटून घेतले असावे. त्याबद्दल मी त्याची क्षमा मागते. त्याने माझ्या नवऱ्याला चार दिवस सोबत केली, त्याबद्दल, उशिरा का होईना, आभार मानते. मलाही ती हवी आहे. हे मी हेव्यानेच मागते. माझ्याकडे मागायला दुसरे शुद्ध मन नाही.

१०. माझ्या दफनाच्या वेळी धाकटीने गावे. काय गावे ते तिने ठरवावे. कोणी बोलायला उभे राहिले तर माझ्या धीराविषयी बोलू नये, तो धीर नव्हता. पुरताना यजमानांच्या डाव्या बाजूची जागा माझी आहे, पाळकांच्या वहीत नोंद आहे.

११. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या लेकीने करावी. तिला अडचण आली तर खालच्या चौकातल्या घड्याळदुरुस्तीवाल्यांचा सल्ला घ्यावा. ते घाई करत नाहीत. कोणाला यातले एखादे कलम पटले नाही तर त्याने लेकीशी वाद घालू नये. माझ्यासाठी प्रार्थना करावी आणि घरी जावे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचून पाहिला, दोन ठिकाणी खोडला, आणि तो मला मान्य आहे.

सही: (आहे)
ठिकाण: माझे राहते घर, वरची पुढची खोली
दिनांक: अठरा फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी चार

साक्षीदार पहिला: सदर बाईंनी माझ्या व दुसऱ्या साक्षीदाराच्या समक्ष सही केली. आम्ही दोघांनीही त्यांच्या समक्ष व एकमेकांच्या समक्ष सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. माझे घड्याळ सात मिनिटे मागे आहे, हे त्यांनीच मला सांगितले.
सही: (आहे), धंदा घड्याळदुरुस्ती

साक्षीदार दुसरी: वरीलप्रमाणे. मी निवृत्त परिचारिका आहे, सही करताना त्यांची नाडी पाहिली, ती ठीक होती. आणखी एक गोष्ट लिहून ठेवते. साक्षीदार म्हणून चालत नसल्याने त्यांच्या धाकट्या बहीण तोवर खाली बांधणीच्या खोलीत बसून होत्या. सह्या झाल्यावर बाईंनी मला त्यांना वर बोलवायला सांगितले. त्या आल्या तेव्हा बाई कागदाची घडी घालत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "गुरुवारी येशील का ग माझ्यासोबत?" धाकट्या बाई म्हणाल्या, "मी पिशवी कालच भरलीय." हे मृत्युपत्रात बसते की नाही मला ठाऊक नाही. माझ्यासमोर झाले, म्हणून लिहिले.
सही: (आहे)